कूम डाऊन: बाथच्या डोक्यावरच्या पोकळ टेकडीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाथला राहायला आल्यापासून घरचे, कॉलेजचे मित्र आणि दर सप्टेंबरला नव्याने येणारी मराठी पोरं, सगळे मला तेच तेच विचारतात, की तू राहतोस ती टेकडी काय भानगड आहे, तिथे बघण्यासारखं काय, आणि खाली सगळं पोकळ आहे म्हणतात ते खरं का. प्रत्येकाला वेगळा व्हॉइस मेसेज पाठवून घसा बसला, म्हणून एकदाच बसून लिहितोय.

हे नक्की आहे कुठे?

इंग्लंडच्या नैऋत्येला बाथ नावाचं शहर आहे, रोमन स्नानगृहांसाठी प्रसिद्ध असलेलं. एव्हन नदीच्या काठी, चारी बाजूंनी टेकड्या आणि मध्ये खोलगट वाटीत शहर. त्या वाटीची दक्षिणेकडची कड म्हणजे कूम डाऊन. शहराच्या मध्यापासून सरळ मोजलं तर जेमतेम दीड मैल, पण हे दीड मैल असे चढाचे आहेत की पहिल्या दिवशी मी दोनदा फुटपाथवर बसलो होतो. वर आलं की मात्र सपाट पठार, आणि पठाराच्या पलीकडच्या बाजूला पुन्हा उतार, थेट मिडफर्डच्या दरीपर्यंत. म्हणजे एका अंगाला शहर, दुसऱ्या अंगाला शेतं आणि जंगल, आणि मधल्या माथ्यावर गाव. याच पठारावर पूर्वेला क्लॅव्हर्टन डाऊन लागतं, तिथे बाथ युनिव्हर्सिटी आहे, त्यामुळे ॲडमिशन घेऊन येणाऱ्यांना ही टेकडी चुकत नाही.

उच्चार काय? कोंबे डाऊन?

नाही हो. माझा मामा अजून "कोंबडाऊन" म्हणतो आणि स्वतःच हसतो. उच्चार "कूम". हा शब्द इंग्रजांच्याही आधीच्या ब्रिटॉनिक भाषेतून आलाय, वेल्शमध्ये आजही "कुम" म्हणजे दरी. गंमत पुढे आहे, "डाऊन" म्हणजे इथे खाली नाही तर वर, कारण जुन्या इंग्रजीत "दून" म्हणजे टेकडी. त्यामुळे नावाचा अर्थ होतो दरीची टेकडी, किंवा दरीवरची टेकडी म्हणा. बसमध्ये नवीन माणूस विचारतो की डाऊनला जायचंय तर बस वर का चाललीय, तेव्हा हे सांगायला बरं पडतं.

गाव आहे की सबर्ब?

दोन्ही. कागदोपत्री बाथचाच भाग, पण जुन्या लोकांसमोर "सबर्ब" म्हणालात तर चेहरे पडतात, ते "व्हिलेज" म्हणतात. २०११ च्या जनगणनेत साधारण साडेपाच हजार लोकवस्ती होती. मुळात ही सगळी जमीन खालच्या दरीतल्या मंक्टन कूम गावाच्या हद्दीत. त्या नावातला "मंक" म्हणजे मठातले साधू, कारण ती जहागीर बाथच्या मठाची होती, १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात मठ बंद होईपर्यंत. वरच्या माळावर तेव्हा वस्ती अशी नव्हतीच, मेंढ्या आणि वारा.

टेकडी कसल्या दगडाची आहे?

आपण काळ्या बेसॉल्टच्या देशातली माणसं, लाव्हा थंड होऊन झालेला दगड बघत मोठी झालो. इथे उलट, इथला दगड समुद्राच्या तळाशी बनला. जुरासिक काळात, म्हणजे साधारण सोळा-सतरा कोटी वर्षांपूर्वी, इथे उथळ कोमट समुद्र होता, आज बहामाजच्या बाजूला असतो तसा. लाटांबरोबर घरंगळणाऱ्या बारीक कणांवर चुन्याचे थरावर थर चढत गेले आणि गोल गोल दाणे तयार झाले, ते दाणे एकमेकांना चिकटून दगड झाला. भिंगातून पाहिलं तर हुबेहूब माशाची गाबोळी. शास्त्रज्ञांनीही त्याला "ओओलाइट" म्हणजे अंड्यांचा दगड असंच नाव दिलंय, त्यामुळे गाबोळीची उपमा माझी एकट्याची नाही.

रंग मधासारखा, पावसात भिजला की जरा काळवंडतो, संध्याकाळच्या उन्हात असा पेटतो की फोटो काढून काढून मेमरी भरते. हाच तो बाथ स्टोन.

मग घरांमागच्या उतारावर जागोजागी पाणी का झिरपतं?

कारण चुनखडीच्या खाली मातीचा एक जाड थर आहे, त्याला फुलर्स अर्थ म्हणतात. हे नाव ऐकून दचकू नका, ती तुमच्या ओळखीची वस्तू आहे, आपण मुलतानी माती म्हणतो आणि तोंडाला लावतो तो हाच प्रकार. इंग्लंडमध्ये तिचा उपयोग लोकरीच्या कापडातला तेलकटपणा काढायला व्हायचा. पाऊस वरच्या दगडातून आरामात झिरपत खाली येतो, या मातीपाशी अडतो, आणि जिथे दोन थरांची सांधरेषा उतारावर उघडी पडते तिथून झरा बनून बाहेर येतो. बाथच्या बऱ्याच टेकड्यांवर अशी झऱ्यांची ओळ सापडते. पण हीच माती ओली झाली की साबणासारखी निसरडी, त्यामुळे वरचा भाग घसरतो, आणि अशा घसरणाऱ्या उतारांमुळे बाथच्या काही भागात आजही बांधकामाआधी जमीन तपासायला लागते.

रोमन लोक इथे होते का?

होते. खाली शहरात त्यांची स्नानं, आणि वर टेकडीवर एक व्हिला. त्या व्हिलाच्या जागेवर १८५४ मध्ये एक दगडी शवपेटी सापडली, तिचं झाकण म्हणून जो दगड वापरला होता त्यावर लॅटिन लेख निघाला. म्हणजे कुणीतरी सरकारी पाटीच उचलून पेटीवर ठेवली होती. लेखात असं आहे की नेव्हियस नावाच्या माणसाने, जो बादशाही गुलामगिरीतून मुक्त झालेला आणि प्रोक्युरेटरच्या, म्हणजे सम्राटाचा कारभार बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कचेरीत मदतनीस होता, सम्राटाच्या आयुरारोग्यासाठी पडझड झालेली मुख्य इमारत पायापासून पुन्हा उभी केली. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा काळ. यावरून अभ्यासक म्हणतात की इथे आसपास काहीतरी सरकारी कारभार चालत असावा, कुणी म्हणतं शाही जमिनीचा, कुणी म्हणतं खाणींचा. मला तरी सरकारी पाटीचं झाकण केलं ह्यातच जास्त रस आहे.

राल्फ ॲलन, राल्फ ॲलन सगळीकडे नाव दिसतं, हा कोण?

याच्यावाचून कूम डाऊन नाही, म्हणून जरा बैजवार सांगतो.

१६९३ मध्ये कॉर्नवॉलला साध्या घरात जन्म, लहानपणीच पोस्टाच्या कामात शिरला, आणि १७१२ मध्ये, म्हणजे विशीही पार न करता, बाथचा पोस्टमास्तर. त्या काळी इंग्लंडातली टपाल लंडनमार्गे फिरायची, शेजारच्या गावाला पत्र पाठवायचं तरी. १७२० मध्ये ॲलनने आडव्या मार्गांच्या टपालाचा ठेका घेतला, म्हणजे लंडनला न जाता गावाहून गावाला पत्र. पोस्टातल्या लोकांची खाबुगिरी बंद केली, हिशोब चोख ठेवला, आणि त्यातून प्रचंड पैसा केला.

तो पैसा त्याने कशात घातला, तर टेकडीत. १७२६ च्या सुमारापासून तो कूम डाऊनच्या दगडखाणी विकत घेत सुटला. कारण बाथ तेव्हा फॅशनमध्ये यायला लागलं होतं, श्रीमंत लोक गरम पाण्याच्या निमित्ताने येऊन जुगार खेळायचे, लग्नं जमवायचे, आणि त्यांना राहायला झकपक घरं हवी होती. थोरला जॉन वुड हा वास्तुविशारद खाली नकाशे काढत होता आणि ॲलन वर दगड घेऊन बसला होता.

लंडनच्या बाजारात मात्र त्याचं जमेना. ग्रीनिचच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कामाला त्याने आपला दगड देऊ केला तर पोर्टलंड दगडाच्या, म्हणजे लंडनमध्ये चालणाऱ्या दुसऱ्या पांढऱ्या चुनखडीच्या, बाजूच्या लोकांनी नाकं मुरडली, कॉलिन कॅम्पबेल नावाच्या वास्तुविशारदाने तर हा दगड म्हणजे चेशर चीज आहे, यात किडे पडतील असं हिणवलं. काम गेलं. मग लंडनच्याच सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलला ॲलनने दगड पुरवला. पुढे लंडनच्या धुराने तो दगड खाल्ला आणि त्याला वरून पोर्टलंडच्याच दगडाचं आवरण चढवावं लागलं, म्हणजे टीका करणारे अगदीच चुकीचे नव्हते म्हणायचं. पण बाथच्या हवेत तोच दगड तीनशे वर्षं छान उभा आहे.

म्हणजे प्रायर पार्कचा तो महाल त्याचाच?

त्याचाच, आणि तो महाल म्हणजे सरळ सरळ जाहिरात होती. दगडाला चीज म्हणता काय, बघा आता, असं म्हणून उताराच्या वरच्या टोकाला, अख्ख्या बाथला दिसेल असा, १७३० च्या दशकात बांधायला काढला. नकाशा जॉन वुडचा, पण मालकाचं आणि वुडचं मध्येच बिनसलं आणि काम पुरं केलं रिचर्ड जोन्स या देखरेख करणाऱ्याने. खालची बाग आज नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू आणि बागा जपणाऱ्या संस्थेकडे आहे, तिथल्या तळ्यावर १७५५ चा पॅलेडियन पूल आहे, छप्पर आणि खांब असलेला, असे पूल जगात चारच आहेत. पुलाच्या खांबांवर शेकडो वर्षांची नावं कोरलेली आहेत, त्यामुळे किल्ल्यांवर "राजू आणि पिंकी" लिहिणारे फक्त आपल्याकडेच असतात हा गैरसमज दूर होतो. महालात १८३० पासून शाळा-कॉलेज आहे, तो आतून बघता येत नाही. दोनदा मोठी आगही लागली, १८३६ आणि १९९१ मध्ये.

१७३१ साली रेल्वे होती असं कुणीतरी म्हणालं, थाप ना?

थाप नाही. वाफेचं इंजिन नव्हतं इतकंच. दगड टेकडीवर, गिऱ्हाईक आणि नदी खाली. बैलगाडीने किंवा घोडागाडीने एवढ्या उतारावरून टनावारी दगड आणायचा म्हणजे रस्त्याचं वाटोळं आणि खर्च वेगळा. म्हणून ॲलनने १७३१ मध्ये खाणीपासून नदीकाठच्या धक्क्यापर्यंत लाकडी रूळ टाकले, लोखंडी चाकांच्या गाड्या बनवल्या. भरलेली गाडी स्वतःच्याच वजनाने खाली यायची, गडी ब्रेक सांभाळायचा, आणि रिकामी गाडी घोडे वर ओढून न्यायचे. खाली यारी होती, तिने दगड उचलून बोटीत. या सगळ्याची रचना ब्रिस्टलच्या जॉन पॅडमोरने केली.

त्या काळी कोळशाच्या खाणींपाशी असे रूळ होते, पण इथे पाहुणे हौसेने बघायला यायचे, कारण गाड्या महालाच्या बाजूनेच जायच्या. अठराव्या शतकातलं एक चित्र आहे, त्यात नटलेले लोक फिरायला आलेत आणि शेजारून दगडाने भरलेली गाडी घरंगळत चाललीय. १७६४ मध्ये ॲलन गेला आणि रूळ उखडून विकले गेले. आज शहरातून वर येणारा राल्फ ॲलन ड्राइव्ह हा रस्ता त्याच मार्गावरून जातो, म्हणजे तुमची बस ज्या चढावर कण्हते तो चढ मुळात दगड घरंगळण्यासाठी निवडलेला होता. ॲलनची कबर क्लॅव्हर्टन गावात आहे, वर पिरॅमिडसारखं छप्पर.

दगड काढायचे कसा? वरून खणून की आत शिरून?

आधी वरून, नंतर आत शिरून. चांगला थर माथ्यापासून फार खोल नव्हता, त्यामुळे आडवं आत जायचं, दगड काढायचा आणि छप्पर पेलायला मध्ये मध्ये दगडाचेच खांब सोडायचे. खोल्या आणि खांब, खोल्या आणि खांब, असं जमिनीखाली अख्खं गाव.

या दगडाला फ्रीस्टोन म्हणतात, म्हणजे कुठल्याही दिशेने कापा, फुटत नाही. ताजा काढलेला दगड ओला आणि मऊ असतो, करवतीने चक्क लाकडासारखा कापता येतो, मग महिनोन्महिने वाळला की कडक होतो. ओला दगड थंडीत उघड्यावर ठेवला आणि आतलं पाणी गोठलं तर तडकतो, म्हणून हिवाळ्यात तो जमिनीखालीच ठेवायचे. आणि भिंतीत बसवताना खाणीत जसा आडवा होता तसाच आडवा बसवायचा, उभा बसवला तर पापुद्रे सुटतात. पाथरवटाला हे न सांगता कळायचं, आजचे रिपेरिंगवाले विसरतात आणि मग भिंत सोलून निघते, अशी तक्रार आमच्या घरमालकीणबाई दर पावसाळ्यात, म्हणजे इथे बाराही महिने, करतात.

गाव कधी वसलं मग?

सुरुवात ॲलननेच केली, १७२९ मध्ये खाणीच्या माणसांसाठी जॉन वुडकडून घरांची एक ओळ बांधून घेतली, ती आजही चर्च रोडवर उभी आहे. ॲलननंतर मालमत्ता वारसांमधून फिरत लॉर्ड हॉवर्डनकडे गेली, त्याची दुसरी पदवी दी माँटाल्ट, म्हणून गावात जागोजागी ते नाव दिसतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने जमिनी तुकड्यातुकड्याने विकल्या आणि वस्ती वाढली. १८१५ मध्ये युनियन चॅपल झालं, १८३५ मध्ये होली ट्रिनिटी चर्च. उताराखाली दी माँटाल्ट कागद गिरणी चालायची, तिथला कागद चित्रकार वापरायचे, टर्नरनेही वापरलाय.

खाणींचा मुख्य जोर ओसरला तो रेल्वेमुळे. १८४१ मध्ये लंडनच्या लाइनवरचा बॉक्स बोगदा सुरू झाला, तो खणताना बॉक्स आणि कॉर्शमच्या बाजूला चांगल्या दगडाचे मोठे साठे हाती लागले, तेही रेल्वेच्या दारातच. मग टेकडीवर कोण चढतंय.

विल्यम स्मिथचं इथे काय काम?

इंग्लंडचा पहिला भूशास्त्रीय नकाशा काढणारा तो स्मिथ, १८१५ चा. कोळसा वाहून नेण्याच्या कालव्यासाठी तो याच दऱ्यांमध्ये मोजणी करत होता, आणि प्रत्येक थरात ठरावीकच जीवाश्म सापडतात, त्यावरून थर ओळखता येतो, हे त्याच्या डोक्यात इथल्या उतारांवर पक्कं झालं. १७९८ मध्ये त्याने टेकडीच्या पायथ्याशी टकिंग मिल इथे जागा घेतली. पुढे कूम डाऊनला दगडाची खाण काढली, कालव्यापर्यंत रूळ टाकले, आणि साफ बुडाला. अख्ख्या देशाच्या जमिनीखाली काय आहे ते सांगणारा माणूस स्वतःच्या खाणीतल्या दगडाला फसला. १८१९ मध्ये कर्जापायी तुरुंगात जावं लागलं. त्याच्या नावाची पाटी टकिंग मिलला आहे, फक्त ती चुकीच्या घरावर आहे, तो राहायचा ते शेजारचं.

टेकडीतून सायकलचा बोगदा जातो तो हाच ना?

हाच. सॉमरसेट अँड डॉर्सेट रेल्वेची बाथपर्यंतची लाइन २० जुलै १८७४ ला सुरू झाली, त्यासाठी टेकडी आरपार पोखरली. लांबी १,६७२ मीटर, मैलाहून थोडी जास्त, एकेरी रूळ, आणि मध्ये हवा जायला एकही झरोका नाही. वाफेच्या इंजिनाचा धूर आतच कोंडायचा. २० नोव्हेंबर १९२९ ला बाथकडे येणारी एक जड मालगाडी आत शिरली, चढावर वेग पायी चालण्याएवढा झाला, आणि धुराने इंजिनवरची माणसं बेशुद्ध पडली. गाडी तशीच कशीबशी माथ्यापर्यंत आली, आणि पलीकडे तर उतार. कुणीच शुद्धीवर नसलेली गाडी वेग घेत बाथच्या मालधक्क्यात जाऊन आदळली. ड्रायव्हर धरून तीन जण गेले.

लाइन मार्च १९६६ मध्ये बंद पडली, बोगदा सत्तेचाळीस वर्षं अंधारात. एप्रिल २०१३ मध्ये सायकल आणि चालणाऱ्यांसाठी उघडला. मध्यावर आलं की भिंतीतून हळू आवाजात संगीत ऐकू येतं, दिवे रंग बदलतात. पहिल्यांदा मी हेडफोन काढून बघितले की माझ्याच फोनमधून येतंय का.

हॅरी पॅच इथलेच?

हो, १७ जून १८९८ ला कूम डाऊनमध्ये जन्म, वडील दगडकामात, स्वतः प्लंबर. पहिल्या महायुद्धात १९१७ ला बेल्जियममधल्या पाशेनडेलच्या लढाईत, तिथल्या चिखलात लुईस मशीनगनच्या तुकडीत होते, तोफगोळा फुटून तिघं मित्र गेले आणि हे जखमी होऊन वाचले. परत येऊन नळ जोडले, संसार केला, आणि शंभरी गाठेपर्यंत युद्धाबद्दल चकार शब्द काढला नाही. नंतर बोलले ते मात्र स्पष्ट, युद्धाचा गौरव बिलकुल नको. खंदकात लढलेल्यांपैकी जगातले शेवटचे ते, २५ जुलै २००९ ला १११ व्या वर्षी वारले, मंक्टन कूमच्या चर्चशेजारी पुरलंय. कबर साधी आहे. तिथे गेलात तर सेल्फी नको, एवढं माझ्याकडून.

दुसऱ्या महायुद्धात खाणींचा काही उपयोग?

एप्रिल १९४२ मध्ये जर्मनांनी दोन रात्री बाथवर बॉम्ब टाकले, चारशेहून जास्त माणसं मेली. तेव्हा टेकडीवरची मंडळी पोरंबाळं, घोंगड्या घेऊन खाणीत उतरली होती. नौदलाचं बरंच ऑफिस १९३९ पासून लंडनहून बाथला हलवलं होतं, त्यातला एक मोठा तळ कूम डाऊनला लागून फॉक्सहिलला, तो अगदी अलीकडेपर्यंत होता. तिथे आता मलबेरी पार्क नावाची नवी वसाहत झालीय.

आता मुख्य प्रश्न. गाव खरंच पोकळ होतं?

होतं, आणि किती ते कळलं उशिरा. १९८९ मध्ये रस्त्यात चर खणताना कामगारांच्या हत्याराखाली एकदम काहीच लागेना, भोक पाडून ते खाणीत उघडलं. मग सर्व्हे सुरू झाले. १९९४ च्या पाहणीत जे निघालं ते वाचून लोकांची झोप उडाली असणार. खाणीच्या सुमारे ८० टक्के भागावर सहा मीटरपेक्षा कमी जाडीचं छप्पर, काही जागी जेमतेम दोन मीटर. आणि त्यावर घरं, शाळा, रस्ते, डबल डेकर बस.

यात दोष कुणाचा तर ॲलननंतरच्या छोट्या छोट्या ठेकेदारांचा बराचसा. नवीन खणायला मेहनत लागते, आणि समोर तर आयता उत्तम दगड उभा, म्हणजे छप्पर पेलणारे खांब. मग खांब तासायचे, थोडं इकडून, थोडं तिकडून. प्रत्येकाला वाटलं एवढ्याने काय होतंय. शंभर-दीडशे वर्षांनी बिल आलं.

घरांवर लोन मिळेना, विम्याची बोंब, विकायला काढावं तर गिऱ्हाईक पळतंय. कोळशाच्या खाणींना सरकारी व्यवस्था होती, दगडाच्या खाणीचा वाली कुणी नाही. १९९९ मध्ये सरकारने अशा जमिनींसाठी योजना काढली, २००३ मध्ये खाणी भरून टाकायला मंजुरी मिळाली, आणि २००५ मध्ये १५ कोटी ४६ लाख पौंड मंजूर झाले. आत आधी पोलादी कमानींचे सुरक्षित मार्ग बांधत गेले, कारण भरायला जाणाऱ्या माणसांच्या डोक्यावरही तेच छप्पर होतं, आणि मग फोम काँक्रीट पंपाने आत सोडलं. हे साबणाच्या फेसासारखं हवा मिसळलेलं सिमेंट, वजनाला हलकं आणि पातळ, त्यामुळे कानाकोपऱ्यात वाहत जातं. साधारण सहा लाख घनमीटर पोकळी भरली. २००९ च्या अखेरीस काम संपलं.

भरण्याआधी पुरातत्त्ववाल्यांनी आत नोंदी केल्या, कुदळीचे घाव, गाड्यांच्या चाकोऱ्या, यारी बसवलेले ओटे, भिंतींवर कोळशाने केलेले हिशोब आणि नावं. महत्त्वाच्या काही जागा काँक्रीटमध्ये न बुडवता वेगळ्या भरावाने झाकल्या. तरी आता ते कुणालाच दिसणार नाही हे आहेच. गावाने आपलं पोट कापून खाली शहर उभं केलं, ते शहर १९८७ पासून जागतिक वारसा यादीत मिरवतंय, आणि इथे पोटात सिमेंट. मी हे एकदा बस स्टॉपवर एका आजोबांना म्हणालो, ते म्हणाले, घर खचण्यापेक्षा सिमेंट बरं.

वटवाघळांचं काय झालं?

हा प्रश्न चेष्टेने विचारला जातो, पण उत्तर गंभीर आहे. खाणीत ग्रेटर हॉर्सशू आणि लेसर हॉर्सशू जातीची वटवाघळं हिवाळी झोप घ्यायची. नाकाची घडी घोड्याच्या नालेसारखी म्हणून हे नाव. ग्रेटर हॉर्सशू ब्रिटनमध्ये फक्त नैऋत्य इंग्लंड आणि दक्षिण वेल्सच्या बाजूला टिकून आहे, कायद्याचं कडक संरक्षण. त्यामुळे भराव घालताना त्यांच्यासाठी काही भाग मोकळे राखले, आत जायच्या वाटा ठेवल्या. माणसांच्या घरांसाठी एवढ्या वर्षांची खटपट आणि वटवाघळांना आधीच राखीव कोटा, असं कुणी कुरकुरतंही, पण ते तिथले जुने भाडेकरू आहेत.

अजून दगड निघतो का?

निघतो, थोडा. अप्पर लॉन नावाची खाण चालू आहे, उघडी, वरून कापायची. बाथमधल्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीला त्याच टेकडीचा दगड लागतो, दुसरा लावला की रंग मारका दिसतो.

एका दिवसात काय काय बघू?

सकाळी स्टेशनवरून विडकूममार्गे प्रायर पार्क, बागेत दीड-दोन तास. तिथे कार पार्किंग नाही, दरवर्षी कुणीतरी गाडी घेऊन येतं आणि मला फोन करतं. वर गावात म्युझियम ऑफ बाथ स्टोन आहे, छोटं पण खाणीचं सगळं समजतं, फक्त उघडण्याच्या वेळा आधी बघा, रोज नसतं. मग दक्षिणेच्या जंगलातून खाली टकिंग मिल, चुकीच्या घरावरची पाटी बघा, जवळच मंक्टन कूम. परत येताना मिडफर्डच्या बाजूने बोगद्यात शिरा आणि चालत बाथमध्ये या. बोगद्यातले दिवे पहाटे ५ ते रात्री ११.

आणि जूनमध्ये आलात तरी जॅकेट आणा. बोगद्यात बाराही महिने गार असतं, वरून ठिबकतं, आणि मधोमध कुणाला तरी हमखास शू लागते, तिथून दोन्ही तोंडं सारखीच लांब.